विहीणबाईंना तपासणीचं कसं सांगू?

पत्र : ताई, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलाने तीन वर्षांपूर्वी कोरियन मुलीशी लग्न केलं. सून गुणी आहे, आमचं छान जमतं. विहीणबाई ६१ वर्षांच्या. १९९२ साली यजमानांबरोबर कोरियातून आल्या आणि पॅलिसेड्स पार्कला ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकलं. यजमान वारले, आता दुकान त्या एकट्या सांभाळतात. सोमवार ते शनिवार दुकान, रविवारी चर्च. त्यांच्या चर्चमधल्या एका बाईंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तोही बराच पुढे गेल्यावर. तेव्हापासून सून आईच्या मागे लागली आहे की तपासून घे. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर विहीणबाईंनी बायकांच्या डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "काही दुखत नाही, पाळी जाऊन दहा वर्षं झाली, नवरा राहिला नाही, घराण्यात कुणाला हा आजार नव्हता, मग मला कशाला?" विमाही नाही. सून म्हणते, "आई, त्या तुम्हाला मानतात, तुम्हीच बोला." आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, खुणांनी आणि एकमेकींना डबे देऊन चालतं. इतक्या नाजूक विषयावर विहिणीशी बोलणं शोभेल का? आणि बोलायचं तर काय?
ता. क. ही तपासणी मीही कधी केलेली नाही. वय ५७. फार्मसीत नोकरी करते, विमा आहे.
– एक वाचक, एडिसन

उत्तर :

नमस्कार.

सुनेला आईकडून एक गोष्ट आजच विचारून घ्यायला सांगा. पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून रक्त गेलं आहे का, एखादा डाग का असेना? घाण वास येणारं पाणी जातं का? ओटीपोट किंवा कंबर सतत दुखते का? यातलं काहीही असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि त्यांना त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. अशा वेळी "तपासणी करावी की नाही" हा प्रश्नच उरत नाही. दुसरं म्हणजे, पिशवी काढायचं ऑपरेशन झालं आहे का? पिशवी तोंडासकट काढली असेल, आणि ती कॅन्सरसाठी किंवा त्याच्या आधीच्या बदलांसाठी काढलेली नसेल, तर ही तपासणी लागत नाही. मुली आईच्या मागे महिनोन् महिने लागतात आणि नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर आता विहीणबाईंची कारणं पाहू. ती खोटी नाहीत, दुसऱ्या एखाद्या आजाराला लागूही पडली असती. या आजाराला पडत नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या दोनच प्रकारांतून सुमारे ७० टक्के रुग्ण निपजतात. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि पेशी हळूहळू बिघडवत राहतो. तिथून कर्करोगापर्यंत जायला साधारण १० ते २० वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे तिशीत शिरलेला विषाणू साठीत उपद्रव करू शकतो. पाळी थांबल्याने किंवा नवरा गेल्याने तो संपत नाही. घराण्यात कुणाला नव्हता हे ऐकायला बरं वाटतं, पण हा आजार मुख्यतः घराण्यातून येतच नाही. आणि दुखत नाही म्हणाल, तर सुरुवातीला तो कुणालाच दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत तो पुष्कळ पुढे गेलेला असतो. त्यांच्या चर्चमधल्या बाईंचं बहुधा तेच झालं असावं.

आता तुमच्या सुनेच्या मनात काय असेल याचा एक अंदाज करते. तिला वाटत असेल, आई जुन्या वळणाची आहे, लाजते, आमच्याकडे असंच असतं. अमेरिकेतल्या कोरियन स्त्रियांमध्ये ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण अनेक पाहण्यांत कमी आढळलं आहे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी संस्कृतीकडे बोट दाखवतं. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. खुद्द कोरियात काय झालं ते बघा. तिथे १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी योजना आधी गरिबांसाठी सुरू झाली आणि मग टप्प्याटप्प्याने सगळ्यांपर्यंत गेली. आज २० वर्षांवरच्या प्रत्येक बाईला दर दोन वर्षांनी ही तपासणी मोफत मिळते. सम सालात जन्मलेल्यांना सम वर्षी, विषम सालात जन्मलेल्यांना विषम वर्षी आरोग्य विम्याकडून तशी सूचना येते. दवाखाना जवळ असतो, डॉक्टर आपल्याच भाषेत बोलतात. तिथे या कर्करोगाचं प्रमाण गेल्या दोन-अडीच दशकांत बरंच खाली आलं. आता सोलच्या बायका लाजत नाहीत का? टेबलावर पाय वर करून झोपायला जगात कुणालाच आवडत नाही. लाज तीच असते, पण घरी पत्र आलेलं असतं, पैसे पडत नाहीत आणि शेजारीणही जाऊन आलेली असते.

तुमच्या विहीणबाई १९९२ सालीच बाहेर पडल्या, योजना सुरू व्हायच्या सात वर्षं आधी. त्यांच्या मैत्रिणी, बहिणी मागे राहिल्या आणि त्यांना बोलावणं येऊ लागलं. यांना ना तिकडून आलं, ना इकडून. इकडे विमा नोकरीला बांधलेला, आणि स्वतःचं छोटं दुकान चालवणाऱ्याला तो स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. ड्रायक्लीनिंग, नेल सलून, किराणा अशा धंद्यांत असलेल्या कोरियन कुटुंबांत विमा नसणं पूर्वीपासून सर्रास आहे. आजारी पडलं तर दुकान बंद, दुकान बंद तर भाडं कुठून द्यायचं, या हिशेबात "काही दुखत नसताना डॉक्टर" कुठे बसणार? त्यात लाजेचा वाटा असेल, नाही म्हणत नाही. पण सुनेने आधी लाज घालवायचा प्रयत्न केला आणि दुकान, पैसे, भाषा तशीच ठेवली, तर तिचे कष्ट फुकट जातील.

आता तुमचा खरा प्रश्न, बोलावं का? तुमचा संकोच मला रास्त वाटतो. आपल्याकडे वरमायेने सहज टाकलेला शब्दही विहिणीला हुकमासारखा लागतो, आणि तुम्ही तर वरमाय. कोरियातही व्याह्यांचं नातं असंच जपून वागायचं असतं. त्यांच्यात एक म्हण आहे : संडास आणि व्याह्यांचं घर जितकं लांब तितकं बरं! तेव्हा तुम्ही "तुम्ही तपासून घ्यायलाच हवं" असं सांगायला गेलात, तर त्या मान तुकवून होकार देतील आणि जाणार नाहीत. शिवाय लेकीने आपली खासगी गोष्ट सासरी सांगितली याचं वाईट वाटेल ते वेगळंच. सुनेला सांगा, तिच्या आईचा निरोप मी घेऊन जाणार नाही.

तुमच्या हातात दुसरी गोष्ट आहे, तीही पूर्ण खरी. तुमची स्वतःची तपासणी राहिली आहे. तीस ते पासष्ट या वयात अमेरिकेतला सल्ला असा आहे की दर पाच वर्षांनी एचपीव्हीची तपासणी करावी, किंवा दर तीन वर्षांनी पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन त्या बिघडल्या आहेत का ते पाहणं), किंवा दोन्ही मिळून दर पाच वर्षांनी. तुमचं वय ५७, हातात विमा आहे, इंग्रजी येतं, फार्मसीत रोज दहा लोकांना औषधं समजावून सांगता, आणि तरी केलेली नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी एकदा तरी केलेल्या अवघ्या १.९ टक्के निघाल्या. आपण सगळ्या त्याच गर्दीतल्या आहोत. पण विहीणबाईंना जे उपदेशाने पटणार नाही ते यातून जमेल. तुम्ही स्वतःची वेळ घ्या, आणि एखादा डबा परत करताना म्हणा, "मी कधी केली नाही, आता करून घेतेय, एकटीला जायला नको वाटतं. याल का सोबत?" मोडक्या इंग्रजीत एवढं बसतं. त्या आल्या आणि स्वतःची न करता नुसत्या बाहेर बसल्या, तरी चालेल. दार कुठे आहे, आत कोण असतं, किती वेळ लागतो हे पाहिलेली बाई पुढच्या वेळी आत जाते. आणि नाहीच आल्या, तर निदान तुमची तरी झालेली असेल!

बाकीची तयारी सुनेने करावी. पैशांपासून सुरू करू. विमा नाही म्हणून घरी बसायची गरज नाही. १९९० च्या एका केंद्रीय कायद्यातून अमेरिकेत गरजू बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची योजना उभी राहिली, ती प्रत्येक राज्यात आहे. न्यू जर्सीत तिचं नाव एनजेसीड. विमा नसलेल्या किंवा अपुरा असलेल्या, आणि उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत असलेल्या बाईला तिथे ही तपासणी मोफत होते. दुकानाची उलाढाल पाहून "आम्ही नाही बसत" असं मनाशी ठरवू नका. उलाढाल आणि उत्पन्न यांत फरक असतो, म्हणून फोन करून विचारा. कर्करोग निघालाच, तर या योजनेतून आलेल्या बाईला उपचारांसाठी मेडिकेड, म्हणजे गरजूंसाठीचा सरकारी विमा, मिळायची सोय २००० सालच्या कायद्याने करून ठेवली आहे. उत्पन्न मर्यादेबाहेर असेल, तर राज्याच्या गेट कव्हर्ड एनजे या विमा बाजारातून घेतलेल्या विम्यात ही तपासणी वेगळे पैसे न भरता होते, विम्याच्या यादीतल्या डॉक्टरकडे केली तर. तुमच्याही विम्यात बहुधा तसंच असेल. मात्र तपासणीत काही सापडलं तर पुढच्या चाचण्यांचं बिल येऊ शकतं, ते आधी विचारून ठेवा.

भाषेबद्दल मी जरा हट्टाने सांगते. सुनेने आईची दुभाषी व्हायचं नाही. आत डॉक्टर विचारतील, पहिला संबंध कोणत्या वयात, जोडीदार किती, संबंधांनंतर रक्त जायचं का. कोणती आई लेकीसमोर खरं उत्तर देईल? आणि कोणत्या लेकीला ते ऐकायचं असतं? केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना आणि रुग्णालयांना दुभाषा मोफत पुरवावा लागतो. वेळ घेतानाच "कोरियन दुभाषा हवा, बाई असेल तर बरं" असं सांगून ठेवायचं. पण विहीणबाईंच्या भागात त्याचीही गरज पडेल असं नाही. पॅलिसेड्स पार्क ज्या बर्गन काउंटीत येतं तिथे कोरियन बोलणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, टीनेकच्या होली नेम रुग्णालयात तर कोरियन रुग्णांसाठी वेगळा विभागच आहे. फक्त एक विचारून घ्या. ओळखीच्या कोरियन डॉक्टरकडे गेल्यावर चर्चमध्ये बोभाटा होईल अशी भीती त्यांना वाटत असेल, तर दूरचा अनोळखी दवाखाना आणि फोनवरचा दुभाषा हेच बरं.

दुकानाचं काय? तुमच्या मुलाला कामाला लावा. सासूबाईंना दवाखान्यात गाडीने न्यायचं काम त्याला देऊ नका, त्या जावयाबरोबर या कामासाठी कधीच जाणार नाहीत. त्याला दोन तास काउंटरवर बसवा. कपडे घ्यायचे, पावती द्यायची, शर्टाच्या घड्या मोजायच्या. त्याला एवढं जमेल.

तपासणीची भीती वाटत असेल तर तीही कमी करता येते. पाळी गेल्यावर योनिमार्ग कोरडा पडतो आणि आत घालायचं साधन टोचतं. डॉक्टरला आधी सांगितलं तर लहान मापाचं साधन आणि वंगण वापरतात, आणि "थांबा" म्हटलं की थांबावंच लागतं. त्याहून सोपा मार्गही आता आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, दवाखान्यात बाईने स्वतःच नमुना घ्यायला मान्यता दिली. बाथरूममध्ये जायचं, कापसाच्या काडीसारखी काडी आत फिरवायची आणि नळीत घालून द्यायची. डॉक्टरने पाहायचीसुद्धा गरज नाही. मे २०२५ मध्ये २५ ते ६५ वयाच्या बायकांना घरी वापरता येईल अशा एका साधनालाही परवानगी मिळाली, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. विहीणबाईंसारखीला मी हाच मार्ग आधी सुचवेन. यात एचपीव्ही सापडला तर मात्र डॉक्टरकडून तपासून घ्यावंच लागतं, हे त्यांना आधीच माहीत असू द्या.

एचपीव्हीच्या या तपासणीवर जगाचा विश्वास बसला त्यात आपल्या मराठी बायकांचा वाटा आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? १९९९ च्या सुमारास त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर खेडवळ बायका त्यात होत्या. काहींची एचपीव्ही, काहींची पॅप, काहींची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहून अशी एकदाच तपासणी झाली, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा मिळत राहिली. आठ वर्षांनी पाहिलं तेव्हा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू न तपासलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि देशोदेशीची धोरणं ठरवताना वापरले गेले. शेतातून येऊन तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या त्या बायकांना लाज नव्हती असं थोडंच आहे? ओळखीची आरोग्यसेविका घरी येऊन समजावत होती. विहीणबाईंशी गप्पा मारताना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल.

तशीच ओळखीची बाई त्यांच्याकडेही आहे, चर्चमध्ये. बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागातल्या कोरियन चर्चमधल्या ५६० बायकांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. तिथे समाजातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यांनी वैद्यकीय शब्द कोरियनमध्ये सोपे करून सांगितले, मग फोन करून विचारपूस केली, वेळ घेऊन देण्यापर्यंत मदत केली. ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांच्यात तपासणी करून घेणाऱ्या कितीतरी जास्त निघाल्या. कोरियन चर्चमध्ये वयाने, मानाने मोठ्या बाईला 'क्वॉनसा' म्हणतात. अशी एखादी क्वॉनसा सुनेच्या ओळखीची असेल, तर तिच्या कानावर घालायला हरकत नाही. आईचं नाव न घेता, "आपल्या इथे तपासणीचं शिबिर ठेवता येईल का?" एवढंच विचारावं. तुमच्या-माझ्या शब्दापेक्षा तिचा शब्द दहापट चालेल.

विहीणबाई कदाचित म्हणतील, पुढच्या वेळी कोरियाला गेले की तिकडेच करते. बरेच कोरियन लोक सुट्टीत तिकडे जाऊन सगळ्या तपासण्या एकाच दिवशी उरकतात, तिथे ते सोयीचं आहे. पैसे भरून करणार असतील तर करू द्या, फक्त अहवालाची प्रत घेऊन यायला सांगा, आणि जाणं नक्की कधी ते विचारा. "पुढच्या वेळी" दोन वर्षं लांब असेल तर थांबण्यात अर्थ नाही. आणखी चार वर्षांनी पासष्ट झाल्या की सुटले, असंही त्यांना वाटत असेल. पासष्टीनंतर थांबता येतं ते आधीच्या दहा वर्षांत पुरेशा वेळा तपासून सगळं नीट निघालेल्यांना. कधीच न केलेल्यांना वयाची सूट नाही.

अहवाल येण्याआधी एक गोष्ट त्यांच्या कानावर पडायलाच हवी, आणि ती डॉक्टरने किंवा दुभाषीने सांगितलेली बरी. एचपीव्ही सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, त्यावरून गेलेल्या नवऱ्यावर किंवा स्वतःवर कुठलाही डाग लागत नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतो, आणि तो तीस वर्षांपूर्वीचा की अलीकडचा हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. मी विधवा बायकांना अहवाल हातात घेऊन नवऱ्याच्या फोटोकडे रागाने बघताना पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. सापडलाच तर दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड पाहतात, गरज पडली तर छोटा तुकडा काढतात. बिघडलेल्या पेशी तिथल्या तिथे काढता येतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येतं.

तुमचे दोघींचे अहवाल तीन आठवड्यांत आले नाहीत तर दवाखान्याला फोन करा. "काही कळवलं नाही, म्हणजे ठीकच असेल" असं धरून बसू नका, आणि कोरियन भाषेत लेखी अहवाल किंवा फोनवर दुभाषा मिळेल का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.